दोन बुडांचा हिशेब

अंबडच्या एमआयडीसीत, बॅटऱ्यांच्या गोदामामागे,
घाट उतरून समुद्र चार तासांवर,
तिथं इम्तियाज साखरकर नावा बनवतो.
फायबरचा वास नाकात शिरला आणि मग ती दिसली:
एका जुवाला जुंपलेले दोन रेडे असावेत तशी,
दोन बुडं, मध्ये पोकळी, वर सपाट फळी.
बत्तीस फूट लांब, चौदा फूट रुंद.
साडेअठरा लाख, इंजिनं वेगळी.
"वेगळी" हा शब्द तो जरा हळू बोलला.

मी मच्छीमार संस्थेचा सचिव. सभासद एकसष्ट,
खात्यात चार लाख बारा हजार,
मुकणे धरणाच्या ठेक्याचा हप्ता मार्चअखेर.
कोटेशनच्या पाठकोऱ्या बाजूला मधोमध रेघ मारली.

डावीकडे आमच्या पत्र्याच्या होड्या, नऊ.
तासाला तीन लिटर, दोन माणसं, खाद्याच्या तीन गोण्या.
तिसरं माणूस शिंकलं की पाणी आत.
पिंजऱ्यांपर्यंत दीड टन न्यायचं तर चौदा खेपा,
बेचाळीस लिटर, आणि दिवस मावळतो.
उजवीकडे ही. एकच खेप. अकरा लिटर.

इथवर गणित गोड होतं.

मग मी विचारलं, रिकामी असली तर?
तर साधारण तेवढंच पिते.
आणि आठवड्यातले पाच दिवस
आमच्याकडे दीड टन कशाचंच नसतं.
वैशाखात पाणी किलोमीटरभर मागे सरतं,
चिखलात ती बसेल, म्हशीसारखी, पण दूध न देता.
गावातली गल्ली अकरा फुटांची;
म्हणजे दोन बुडं सुटी आणायची,
काठावर बोल्ट आवळायचे, चौसष्ट,
सगळे स्टेनलेस, एकेकाचा भाव मी ऐकला
आणि पेनाचं टोपण लावून टाकलं.

तरी त्यानं आणली. आपल्या खर्चानं, ट्रेलरवर,
बघायला काय जातं म्हणाला.

पश्चिमेचा वारा पडला होता तिरका.
आमच्या होड्या खुंट्याला डोकी आपटत होत्या,
ही मात्र पसरून उभी, पाट मांडल्यासारखी.
चेअरमन त्र्यंबक घटमाळे कडेवर नाचल्यागत उड्या मारून पाहत होते,
साठीचा माणूस, धोतर सावरत.
हलली नाही. तरी कपाळाला आठी.
"दोन डगरींवर हात ठेवणारा बुडतोच, साखरकर."
इम्तियाज दोर गुंडाळत म्हणाला,
"खरंय काका. पण ही डगरीच सोबत घेऊन फिरते."

परतताना वाऱ्यानं तिला आडवी ढकलली,
सरळ चालणं सोडून ती खेकड्यासारखी सरकली,
ते मी लिहून घेतलं. इंजिनाचा आवाज, तोही.
एवढं रुंद बूड वळवायला लागणारी जागा, तीही.
माणूस महाग वस्तूचे दोष
स्वस्त वस्तूपेक्षा मन लावून मोजतो.

मग हौसाबाई वाडिले उठल्या.
सव्वीस वर्षं जाळं ओढतात, उकिडवं बसून,
कारण आमच्या होडीत उभं राहणं म्हणजे उडी मारणं.
त्या उठल्या, मधोमध गेल्या,
दोन्ही हात कमरेवर ठेवून पाठ मागे वाकवली,
कडकड आवाज आला, की मला वाटलं तसं.
भोवती सगळं पाणी, आणि त्या उभ्या.
कुणी काही बोललं नाही.

थोड्या वेळानं त्यांनी इम्तियाजला विचारलं,
"हिच्यात बायामाणसाला मुतायला आडोसा हाये का?
नऊ-नऊ तास आम्ही पाणी पीत नाही, तुला सांगते."
तो गोंधळला, कानशिलं लाल झाली.
म्हणाला, मागच्या बाजूला करता येईल.
पाच हजार वाढतील.

मी पेनाचं टोपण काढलं.
पाच हजार, हा आकडा लिहिला,
पण रेघेच्या कुठल्या बाजूला लिहायचा
ते कळेना.
खर्चात, की कामगिरीत?
घटमाळ्यांनी खांद्यावरून डोकावून पाहिलं,
चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं,
आणि म्हणाले, "रेघेवरच लिही.
सभा बुधवारी. तोवर कर्जाचं विचारून ठेव."